अस्वलालाही न उघडणारी पेटी

६ मार्च २०१७, सोमवार
प्राणेश सरांचा फोन. सरगूरच्या पुढच्या साइटवर माणसांना गार पाणी मिळत नाही, एक चांगला आइस बॉक्स घ्या, बिल ऑफिसला द्या. याच आठवड्यात.
शेवटी कंपनीने माझ्यावर निर्णय सोपवला. एवढ्या वर्षांत मला फक्त कुठे खणायचं तेवढंच सांगण्यात आलं आहे.
साइट म्हणजे जंगलाच्या कडेच्या वाड्यांना पिण्याचं पाणी नेणारी पाइपलाइन. आमच्याकडे मात्र पिण्यासाठी एक काळी प्लॅस्टिकची टाकी. दुपारी तिच्या पाण्यात चहाची पूड टाकली तर चहा होईल. सावलीला एक झाड नाही. मादप्पाची मजुरांची गँग कोळ्ळेगालकडची. तो, त्याची बायको वनजा आणि बाकीचे, सगळे पाइपसाठी खणलेल्या चरीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहतात.
म्हैसूरला घरी येऊन सांगितलं. बायको, जयलक्ष्मी, म्हणाली, देवराज अरस रोडवर दुकानाबाहेर लाल डबे टांगलेले असतात, शाळेतून येताना आणते की एक. ती तिसरीच्या वर्गाला शिकवते. विचार पिकनिकच्या वर जात नाही.
संकल्प : घाई नाही. एकदाच घ्यायचं, जन्मभराचं घ्यायचं.

९ मार्च, गुरुवार
व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला अमेरिकन आइस बॉक्स चालत्या ट्रकमधून ढकलून देतो. मग त्यावर उड्या मारतो. मग तो अस्वलाला देतो. अस्वल दमून निघून गेलं, बॉक्स उघडला नाही. आतला बर्फ कित्येक दिवस टिकतो. शिकारीला जाणारे आणि लांबच्या साइटवर काम करणारे, दोघांसाठी खास बनवलेला.
आमच्या साइटवरून जंगल दिसतं. जंगलात अस्वलं आहेत. म्हणजे आपल्याला हाच लागणार. साधं लॉजिक.
शिवाय शिकार आमच्या रक्तात आहे. आमचं घराणं म्हैसूरच्या घोडदळातलं. वडिलांना, म्हणजे आप्पांना, म्हटलं, राजवाड्याच्या शिकारीत आजोबा सगळ्यांच्या पुढे असायचे ना? आप्पांनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "होय की. जेवणाची गाडी पहाटेच पुढं जायची. भांड्यांची जबाबदारी त्यांच्याकडं होती."
म्हणजे शिकारीतलं अन्न टिकवणं हा आमचा पिढीजात विषय. हे मला माहीतच नव्हतं. हुरूप आला.

१३ मार्च, सोमवार
मादप्पाने विचारलं, "सार, बॉक्सु?"
अभ्यास चालू आहे, असं सांगितलं. तो "सरी सार", म्हणजे बरं, म्हणाला. समजूतदार माणूस. क्वालिटीचं महत्त्व त्याला आपोआप कळतं. नंतर तो टाकीवर ओली गोणी टाकताना दिसला. गोणी लगेच वाळली.

१७ मार्च, शुक्रवार
मुद्दा : चाकं हवीत की नकोत? जिन्यापासून जीपपर्यंत चाकं हवीत. जीपपासून चरीपर्यंत नांगरलेलं शेत, तिथे चाकं रुततात. दोन्ही बाजू तितक्याच भक्कम. आज निर्णय घेणं घाईचं ठरलं असतं.
नरसिंहाचा सल्ला घेतला. माझा कॉलेजपासूनचा मित्र, हिनकलला राहतो, मासेमारीचा तज्ज्ञ. शिकार सरकारने कधीच बंद केली, त्यामुळे शिकारी वृत्तीच्या माणसांना आता मासेच उरले आहेत. त्याचं म्हणणं, झाकणावर पट्टी छापलेला बॉक्स घे, म्हणजे पकडलेला मासा मोजता येतो. अजून त्याला मासा मिळालेला नाही. पण तो म्हणतो त्यात तथ्य आहे.
जयलक्ष्मीने विचारलं, पाणी मोजायला पट्टी कशाला? मी पुढचा व्हिडिओ लावला.

२१ मार्च, मंगळवार
साइटवर फार ऊन. वनजाला चक्कर आली. जीपच्या सावलीत बसवली. माझी स्वतःची बाटली तिला दिली. पाणी गरम होतं, पण देण्यामागची भावना महत्त्वाची. थोड्या वेळाने ती उठून परत मातीची पाटी उचलायला गेली. मी बस म्हणालो. ती हसली नुसती. बसलं तर मुकादम काय म्हणेल, असं म्हणाली. मुकादम तिचा नवराच.
आज काहीही झालं तरी ऑर्डर द्यायचीच.

२२ मार्च, बुधवार
दिली नाही. रंगाचा प्रश्न आला. पांढरा ऊन परतवतो, पण जंगलाच्या कडेला पांढरं काही ठेवणं म्हणजे जनावरांना आमंत्रण. ऑलिव्ह ग्रीन हवा. तो स्टॉकमध्ये नाही.
काळजीपूर्वक निवड करणाऱ्या माणसाला हे जग थारा देत नाही.

२४ मार्च, शुक्रवार
पांढराच ऑर्डर केला. बेंगळूरुचा एक इंपोर्टर. प्राणेश सरांना किंमत कळवली. त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला. मग त्यांनी विचारलं, "गुंडेराव, ह्यात फ्रीज आहे का?" मी रोटोमोल्डिंग म्हणजे काय, अख्खी पेटी फिरत्या साच्यात एकसंध कशी घडते, ते समजावून सांगितलं. ते माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, पण ऐकून घेतात. शेवटी म्हणाले, "घ्या. पण लवकर. माणसं कुरकुर करतायत."

२९ मार्च, बुधवार, युगादी
होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, उत्तम. बॉक्स नाही. सुट्ट्यांमुळे पार्सल अडकलं.
गँग सणाला गावी गेली आहे. परत येईल ना, हा विचार मधूनच येतो. जयलक्ष्मी वाढता वाढता म्हणाली, अहो, तोपर्यंत रोज जाताना दोन कॅन गार पाणी तरी न्या, मी रात्री फ्रीजमध्ये भरून ठेवते. मी म्हणालो, तात्पुरती सोय केली की मुख्य काम मागे पडतं. तिने माझ्या पानात आणखी तूप वाढलं नाही.

३ एप्रिल, सोमवार
आला!
टेम्पोवाल्याने आणि मी मिळून पहिल्या मजल्यापर्यंत चढवला. मधल्या वळणावर तो टेम्पोवाला मला कानडीत काय म्हणाला ते लिहीत नाही. हॉलमध्ये ठेवला. भव्य. दोन्ही बाजूंना दोरखंडाची हँडल्स, रबराचे लॅच, कुलपाला भोकं. झाकण बंद होताना बँकेच्या तिजोरीसारखा आवाज.
आप्पा लगेच त्यावर बसले. टीव्ही नीट दिसतो म्हणाले.
जयलक्ष्मीने झाकण उघडून आत वाकून पाहिलं. भिंती एवढ्या जाड की आत जागा म्हणावी तेवढी नाही. "बाहेरून कपाट दिसतंय आणि आतून डबा," म्हणाली. मी म्हटलं, जाडी हीच तर खरी वस्तू आहे. जागा तर कुठेही मिळते.
गँग परतली. सगळे नाही. तिघांनी गुंडलुपेटकडे दुसरं काम धरलं. बॉक्स आल्याचं मादप्पाला फोनवर सांगितलं. "ओळ्ळेदु सार," म्हणाला. छान झालं म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. थकला असेल.

४ एप्रिल, मंगळवार
मॅन्युअल वाचलं. बॉक्स वापरायच्या आधी आतून गार करून घ्यावा लागतो. म्हणजे एक बर्फ बॉक्ससाठी, दुसरा बर्फ कामासाठी. फ्रीजमधल्या सगळ्या ट्रे रिकाम्या केल्या. बॉक्सच्या तळाशी मूठभर बर्फ, विहिरीत चिल्लर पडावी तसा.
संध्याकाळी आप्पांनी सरबत मागितलं. घरात बर्फ नव्हता. घरात आइस बॉक्स होता.

६ एप्रिल, गुरुवार
आज प्रत्यक्ष कामगिरी. सविस्तर लिहितो.
मॅन्युअलप्रमाणे सामानाच्या दुप्पट बर्फ लागतो. सरगूरला एवढा बर्फ कोणी विकत नाही. म्हणून पहाटे मंडी मोहल्ल्यातल्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. लादी मिळाली, ती बॉक्सपेक्षा लांब. पहारीने फोडली. बॉक्स भरल्यावर मी, तिथले दोन हमाल आणि रस्त्याने जाणारा एक सज्जन अशा चौघांनी तो जीपमध्ये चढवला. सज्जनांनी नंतर कंबर धरली होती.
साइटवर जीपपासून चरीपर्यंत नांगरलेलं शेत. मादप्पा आणि पाच माणसं खणणं सोडून बॉक्स उचलायला आली. मध्ये तीनदा खाली ठेवला. सगळे घामाने निथळले. म्हणजे गार पाण्याची गरजही आपोआप सिद्ध झाली.
झाकण उघडलं. धुरासारखी थंड वाफ बाहेर आली. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. बर्फानेच जागा भरल्यामुळे पाण्याच्या बाटल्या थोड्याच मावल्या होत्या, पण गार, दातांना कळ येईल अशा गार.
पहिली बाटली मादप्पाने वनजाला दिली. तिने एक घोट घेतला. थांबली. पदर नाकाला लावला. मग मादप्पाने घेतला. त्याने बाटली बूच लावून अगदी हळू, आदराने परत ठेवली.
"मीनु, सार."
मासळी. बर्फ मासळी बाजारात जाणारा होता. वितळलेलं पाणी बाटल्यांच्या बुचापर्यंत चढलं होतं. गँगमधल्या निम्म्यांचा मादेश्वराच्या जत्रेचा नेम चालू आहे, मांस-मासळी शिवायचीही नाही. ते बॉक्सजवळ आलेही नाहीत.
सगळे टाकीवर गेले.
ही बॉक्सची चूक नव्हे. उलट, वाससुद्धा बाहेर जाऊ दिला नाही त्याने.

८ एप्रिल, शनिवार
बॉक्स लिंबू-सोड्याने धुतला. वास कमी झाला, किंवा मला सवय झाली.
उद्या रविवार. नरसिंहाबरोबर कबिनी धरणाच्या बॅकवॉटरला जायचं. फील्ड टेस्ट. असा बॉक्स समजून घ्यायचा तर त्याच्या मूळ वातावरणात न्यायला हवा. बर्फ या वेळी आइस्क्रीमवाल्याकडून.

९ एप्रिल, रविवार
फील्ड टेस्ट झाली.
जयलक्ष्मीने कोंबडीचा रस्सा, भात आणि ताक दिलं होतं. रस्सा गरम होता. तसाच आत ठेवला, बर्फ वर, झाकण घट्ट. पाण्याकाठी पोचलो. नरसिंहाने गळ टाकला. मासा नाही. भूक लागली. झाकण उघडेना.
लॅच सुटले होते, कुलूप नव्हतंच, तरी झाकण उघडेना. मी ओढलं. नरसिंहाने ओढलं. दोघांनी विरुद्ध बाजूंनी ओढलं. त्याने पाय लावला. मी त्या अमेरिकन अस्वलासारखा त्यावर चढलो. मग आम्ही दोघे दमून निघून जाऊन एका दगडावर बसलो.
समोर पाणी, मागे रस्सा, मध्ये आम्ही उपाशी. नरसिंहाने गळ गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "गुंड्या, ह्याच्यात ठेवलेलं कोणाला मिळू नये म्हणून बनवलंय. आपणही त्यात आलो."
घरी आल्यावर मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर सापडलं. गरम वस्तू आत गार झाली की हवा आकसते आणि झाकण चिकटून बसतं. खालचं ड्रेनचं बूच सैल करायचं. केलं. फुस्स झालं. उघडलं. बर्फ जसाच्या तसा.
सील इतकं परफेक्ट आहे. हा निष्कर्ष प्राणेश सरांना लिहून कळवणार होतो, पण जयलक्ष्मी म्हणाली, आज नका कळवू.
रश्श्याचा वास मात्र मासळीत मिसळला आहे. बॉक्स गच्चीवर उघडा ठेवून दोन दिवस उन्हात वाळवायचा. मग सगळं सुरळीत. बुधवारपासून साइटवर गार पाणी. नक्की.

११ एप्रिल, मंगळवार
वनजा पडली.
जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. मी जीपमध्ये बसून पाइपांचा हिशेब बघत होतो. ओरडा ऐकला. चरीच्या तोंडाशी ती आडवी. अंग हात लावता येणार नाही असं तापलेलं. घाम नाही. डोळे उघडे पण कोणाकडे बघत नव्हती. आईला हाका मारत होती, नाहीतर दुसऱ्या कोणाला, मला नीट कळलं नाही.
मादप्पाने टाकीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. ते पाणी कढत होतं. तो माझ्याकडे वळला. "सार, तण्णीरु. तण्णीरु कोडी सार."
गार पाणी द्या म्हणत होता. माझ्याकडे नव्हतं. बॉक्स गच्चीवर वाळत होता.
जीपमध्ये घातली. मादप्पा मागे, तिचं डोकं मांडीवर. मी चालवत होतो आणि जयलक्ष्मीला फोन लावला, का ते माहीत नाही. तिचा वर्ग चालू होता. तिने उचलला. मी काय बोललो ते आठवत नाही. ती म्हणाली, "गाडी थांबवा. समोर पहिलं दुकान दिसेल तिथं थांबवा. गार जे असेल ते घ्या. मानेला लावा, काखेत लावा. साडी ओली करा. पाणी तोंडात ओतू नका. ऐकताय ना? ओतू नका."
सरगूरच्या अलीकडे एक बेकरी. मी आत शिरून त्यांच्या फ्रीजरमध्ये दोन्ही हात घातले. पोरांना विकायच्या रंगीत बर्फकांड्या होत्या, प्लॅस्टिकच्या नळीतल्या. सगळ्या उचलल्या. बेकरीवाली बाई ओरडली, मग जीपमध्ये बघितलं तिने, आणि आतून गार पाण्याची घागर घेऊन धावत आली. घागर वनजाच्या साडीवर ओतली. मी लाल, हिरव्या, केशरी कांड्या तिच्या मानेला लावत होतो.  एक कांडी फुटली, तिच्या गळ्यावर केशरी ओघळ आला. मादप्पाला वाटलं काहीतरी भलतंच. त्याने किंचाळून माझा हात धरला. रंग आहे रे, रंग आहे, असं मी मराठीत ओरडत होतो. त्याला मराठी येत नाही.
हॉस्पिटल. आत घेतली. आम्ही बाहेर.
संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर यायला लागली आहे, आता भीती कमी आहे. येईपर्यंत गार करत आणलंत ते बरं केलंत.  मादप्पा माझ्या शेजारी बसला होता. 

१२ एप्रिल, बुधवार
प्राणेश सर साइटवर आले. गँग सामान बांधत होती. सरांनी समजावून पाहिलं. एका म्हाताऱ्या मजुराने नमस्कार केला आणि ट्रंक डोक्यावर घेतली.
सरांनी मला विचारलं, बॉक्स कुठाय.
गच्चीवर, म्हणालो. वाळतोय.
त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, आत हात घातला, लगेच काढला. पँटला पुसला. म्हणाले, "गुंडेराव, मी गार पाणी सांगितलं होतं."
मी उत्तर तयार केलं होतं. झाकणाचं रबरी गॅस्केट, बर्फाचं प्रमाण, सरगूरला बर्फ न मिळणं. वाटेत जीपमध्ये दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. मी टाकीचं झाकण परत लावलं.

१३ एप्रिल, गुरुवार
सोमवारपासून हिनकलचं गोडाऊन सांभाळायचं. साइट दुसऱ्या कोणाकडे. पगार तोच, सर म्हणाले. यावर मला आक्षेप घेता आला असता.
आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. जवळ आहे. जेवायला घरी येशील."
जयलक्ष्मी बादली घेऊन उठली. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मी वर गेलो नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार
आज सुट्टी. बस धरून सरगूरच्या हॉस्पिटलात गेलो. जीप कंपनीने परत घेतली.
का गेलो ते ठरवलं नव्हतं. काय बोलायचं तेही. बसमध्ये एक वाक्य जुळवलं होतं, ते फाटकातच सोडून दिलं.
वनजा खाटेवर होती. हाताला सलाइन. गळ्यापर्यंत घोंगडी. मादप्पा खाली फरशीवर झोपला होता, तोंडावर टॉवेल. मला बघून ती उठायला लागली. मी बस बस म्हणालो. कसं आहे विचारलं. बरं आहे म्हणाली. जेवलात का, असं तिने मला विचारलं.
मी सफरचंदं ठेवली. उभा राहिलो. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडे बघत होती.
तुला काही आणू का, म्हणालो. काहीही सांग.
तिने मादप्पाकडे पाहिलं. तो झोपेतच होता. मग हळूच म्हणाली, सलाइनने फार थंडी वाजते हो सार, कालपासून हुडहुडी जात नाही. समोरच्या हॉटेलातून थोडं गरम पाणी मिळालं तर बघा.
गेलो. हॉटेलवाल्याने थर्मास आहे का विचारलं. नव्हता. स्टीलच्या लोट्यात उकळतं पाणी दिलं. लोट्याला कान नव्हता. रुमाल बसमध्ये विसरलो होतो. रस्ता ओलांडेपर्यंत या हातातून त्या हातात करत आणलं.
तिने फुंकर घालून घालून प्यायलं. सगळं.
मग अजून थोडं मिळेल का विचारलं. पुन्हा गेलो.